काळवीट, ताशी नव्वद मैल

पिंपरी,
१२ जानेवारी १९७१

ती. मनकर्णाताईस,

सूर्यभानचा साष्टांग नमस्कार. परवा सुखरूप पोचलो. जीपने वाटेत एकदाच दगा दिला, श्रीगोंद्याच्या अलीकडे. तू बांधून दिलेल्या भाकरी आणि ठेचा होता, म्हणून आम्हा दोघांचा निभाव लागला.

ताई, आता नीट बसून वाच. रविवारी सकाळी तुझ्या शाळेमागच्या माळावर आपण जो खेळ मांडला होता, त्याचा हिशेब काल पुरा केला. तुमच्या पीरमहंमदचाचांनी बाभळीपासून चुन्याच्या दगडापर्यंत चाळीस साखळ्या मोजून दिल्या होत्या. बाभळीपाशी सहादेव लाल रुमाल घेऊन उभा, दगडापाशी स्वतः चाचा, आणि मी मधल्या टेकाडावर स्टॉपवॉच घेऊन. माझ्या मित्राने जीपचा हॉर्न वाजवला, हरणांचा कळप उधळला, आणि तो काळा नर दोन्ही खुणांमधलं अंतर वीस सेकंदांत तोडून गेला. आमच्या इंजिनियरिंगच्या पुस्तकात साखळी म्हणजे सहासष्ट फूट. चाळीस साखळ्या म्हणजे बरोबर अर्धा मैल. अर्धा मैल वीस सेकंदांत, म्हणजे ताशी नव्वद मैल!

तुला कल्पना आहे का ही काय गोष्ट आहे? आफ्रिकेतल्या चित्त्याला पुस्तकं सत्तर मैल देतात आणि साऱ्या जनावरांत त्याला पहिला नंबर देऊन मोकळी होतात. ससाणा सूर मारताना एकशे ऐंशीने येतो म्हणतात, पण ते खाली कोसळणं झालं, धावणं नव्हे. माणसाचं म्हणशील, तर गेल्या ऑक्टोबरात अमेरिकेत मिठाच्या मैदानावर रॉकेटची मोटार सहाशे बावीस मैलांनी पळाली. नोव्हेंबरात काँकॉर्ड विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने उडालं. चंद्रावरून परतणारं यान पंचवीस हजार मैलांच्या वेगाने हवेत शिरतं. आणि ह्या सगळ्या याद्यांमध्ये आपल्या कर्जत तालुक्याचं कुणी नाही! आता असेल. ‘वेगयंत्र’ मासिकाच्या संपादकांशी बोललो आहे. लेख लिहायला घेतला.

पुढच्या खेपेस भंडारदऱ्याच्या कड्यावर जाऊन ससाण्याचा सूर मोजायचा विचार आहे. चाचांना सलाम सांग.

तुझा,
सूर्यभान

---

बोरखडी, ता. कर्जत,
२० जानेवारी १९७१

चि. सूर्यभान यास मनकर्णाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझा आनंद कागदातून उतू चालला होता, म्हणून दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. आज लिहिते, आणि रागावूनच लिहिते.

पहिली गोष्ट, तुझ्या मित्राने ती जीप बनुबाईच्या हरभऱ्यातून घातली. दोन ओळी भुईसपाट. ती बिचारी माझ्या भावाचा मित्र म्हणून गप्प बसली, पण रोज शाळेवरून जाताना माझ्याकडे अशी बघते की मलाच तोंड लपवावंसं वाटतं. दुसरी गोष्ट, कळपात दोन गाभण माद्या होत्या. आमच्या गावात हरणाला कुणी खडा मारत नाही. पिकात शिरली तर हाकलतात, पण पाठलाग करत नाहीत. तुम्ही पुण्यामुंबईकडचे लोक यायचे, हॉर्न वाजवायचे, आणि जनावर जिवाच्या भीतीने पळालं की त्याला नंबर द्यायचे! त्याला नंबर हवा होता का?

तिसरी गोष्ट, तू जीप घेऊन आला होतास ना? मग बाभळीपासून दगडापर्यंत ती एकदा चालवून मैलाचा आकडा का बघितला नाहीस? आणि ती रॉकेटची मोटार. मागच्या महिन्यात तूच मला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतंस, की तिला एका दिशेने पळवून चालत नाही. परत उलट दिशेने पळवावं लागतं आणि दोन्हींची सरासरी काढावी लागते, तरच जग मान्य करतं. काळविटाला एकदाच पळवलंस आणि आकडा मान्य? वीस-पंचवीस मैल जास्त निघाले तर माणसाने आधी स्वतःवर शंका घ्यावी, चित्त्यावर नव्हे.

लेख जरा थांबव. पीरमहंमदचाचांनी तुझा सलाम घेतला आणि विचारलं, “सायबांचा हिसेब जमला का?” मी म्हटलं, जमला म्हणतो.

मनकर्णा

---

पिंपरी,
१८ फेब्रुवारी १९७१

ती. ताईस,

नमस्कार. तुझी तिन्ही भांडणं मान्य. बनुबाईंना माझ्या वतीने हात जोड.

पण लेख थांबवता आला नाही. तो छापून आला! फेब्रुवारीचा अंक, पान सात, वर मोठ्या अक्षरात ‘चित्त्याला मागे टाकणारे काळवीट’. संपादकांनी चौकट घालून लिहिलंय की महाराष्ट्राच्या मातीतलं हे संशोधन जगापुढे गेलं पाहिजे. आमच्या कारखान्याच्या चीफ इंजिनियरांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. पुढच्या महिन्यात पुण्यात एका सभागृहात भाषण ठरतंय, ‘निसर्गातले आणि यंत्रातले वेग’. तुझ्या धाकट्या भावाचं भाषण, ताई! लहानपणी मी सायकलवरून पडलो की तूच म्हणायचीस ना, ह्याला वेगाचं वेड आहे आणि ब्रेकचं भान नाही.

चित्त्याचं सत्तर कोणी मोजलं? परदेशी लोकांनीच ना? ते मोजतात ते खरं आणि आपण मोजलं की शंका, ही गुलामी कधी जाणार? अंक सोबत पाठवतो आहे.

सूर्यभान

---

बोरखडी,
१ मार्च १९७१

चि. सूर्यभानास आशीर्वाद.

निवडणुकीच्या कामाला आम्हा मास्तरबायांना जुंपलं आहे. मतदारयाद्या पुढ्यात घेऊन हे लिहिते. अंक वाचला आणि पाचव्या ओळीला थबकले. “चाळीस साखळ्या, म्हणजेच २६४० फूट.”

अंक तसाच घेऊन चाचांच्या घरी गेले. ते अंगणात बसले होते. मी विचारलं, “चाचा, तुमची साखळी किती फुटांची?” ते हसले. म्हणाले, “बाई, तुमी शाळेत शिकवता आन मला इचारता? सोळा आन्याची साखळी, तेहतीस फुटाची. तिचा चौरस म्हंजी एक गुंठा. चाळीस गुंठ्याचा एकर.” आणि आत जाऊन ती काढून आणली. मी शाळेची टेप लावून मोजली. तेहतीस फूट.

कळलं का? तुझी सहासष्ट फुटांची साखळी कॉलेजातल्या पुस्तकातली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीन मोजली जाते ती तेहतीस फुटीने. तू माळावर चार तास होतास, ती साखळी तुझ्या बुटांजवळ पडलेली होती, आणि तुला ती हातात घेऊन बघावीशी वाटली नाही. तुझा अर्धा मैल पाव मैल आहे. तुझं काळवीट पंचेचाळीस मैलांनी पळालं, आणि तेही काही थोडं नाही. एवढ्याने त्याची शान कमी होत नाही.

चूक झाली, होते. मी चिडले आहे ती चुकीवर नाही, घाईवर. पुढच्याच अंकात दोन ओळी टाक, की साखळी मी सहासष्टाची धरली, ती तेहतीसची होती, क्षमस्व. लोक हसतील आणि विसरतील. दुसऱ्या कोणी दाखवून देण्याआधी तूच सांग. भाषणाच्या आधी सांग.

तुझी,
मनकर्णाताई

---

पिंपरी,
३१ मार्च १९७१

ती. ताईस,

उत्तराला उशीर झाला. शिफ्ट बदलली, शिवाय भाषणाची तयारी होती. भाषण उत्तम झालं. हॉल निम्मा भरला होता.

तू लिहिलंस त्याचं म्हणशील, तर ते प्रकरण मिटलं आहे. एका निवृत्त प्राध्यापकांनी संपादकांना पत्र पाठवून नव्वदाच्या आकड्यावर शंका घेतली होती. संपादकांनी माझ्याकडून खुलासा मागवला, मी दिला, तो एप्रिलच्या अंकात येईल. त्यात वाचण्यासारखं काही नाही, म्हणून अंक पाठवत नाही.

बाकी तुला माहीत आहे का, पाकोळीला सपाट उडण्यात ससाणाही गाठू शकत नाही म्हणतात? आणि सरड्याची जीभ डोळ्याची पापणी लवायच्या आत माशी उचलून परत जाते. प्रकाश एका सेकंदात एक लाख शहाऐंशी हजार मैल जातो. अशा गोष्टी वाचल्या की आपल्या इथल्या लहानसहान कटकटींचं काही वाटेनासं होतं.

उन्हाळ्यात तब्येतीला जप.

सूर्यभान

---

बोरखडी,
२९ एप्रिल १९७१

सूर्यभान,

आशीर्वाद लिहिला नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. हात उचलत नाही.

अंक तू पाठवला नाहीस, तरी तो गावात पोचला. आप्पासाहेब सरपंचांचा पुतण्या नगरला कॉलेजात आहे, त्याने आणला. गावाचं नाव छापून आलंय म्हणून चावडीपुढे पारावर बसून त्याने मोठ्याने वाचून दाखवला. मी तिथेच होते. तू लिहिलेलं वाक्य मी इथे उतरवून काढते, म्हणजे तुला ते दुसऱ्याच्या अक्षरात कसं दिसतं ते कळेल: “अंतर मोजणाऱ्या स्थानिक, निरक्षर साखळीवाल्याने मोजणीत दुपटीची चूक केल्याचे निदर्शनास आले असून त्यामुळे आकडा सदोष ठरला आहे.”

निरक्षर! तो माणूस मोडी वाचतो, उर्दू वाचतो, आणि मराठी तुझ्यापेक्षा शुद्ध लिहितो. एकतीस वर्षं त्याने मोजणी खात्यात साखळी ओढली. पेन्शनीत निघाल्यावर ह्या गावाचे आणि आजूबाजूच्या चार गावांचे बांधाचे तंटे त्याने सोडवले आहेत. कसे सोडवले, माहीत आहे? ज्या दोघांचं भांडण, त्या दोघांच्याच हातात तो साखळीची दोन टोकं देतो. एकाने एक टोक ताणायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि चाचा मधून चालत आणे मोजतात. मोजणी झाली की पाठ फिरवून घरी जातात. दोघांनीच साखळी ओढलेली असते, मग बोलणार कोण? माझ्या डोळ्यांदेखत असे कितीतरी बांध ठरले. कोर्टात जे वीस वर्षं रेंगाळलं असतं ते इथे एका सकाळीत मिटलं.

आणि आता ऐक तुझ्या एका वाक्याने काय झालं. भिमाजी आणि सहादेव हे चुलतभाऊ. त्यांच्यामधल्या बांधावरून आठ वर्षं काठ्या चालल्या होत्या, सहादेवाच्या थोरल्याचं डोकं फुटलं होतं. बारा वर्षांमागे चाचांनी तो बांध मोजून दिला आणि दोन्ही घरांत लग्नाचं जेवणखाण पुन्हा सुरू झालं. पारावर तुझं वाक्य वाचलं गेलं तेव्हा भिमाजी उठून उभा राहिला. म्हणाला, “मंजी ह्यो म्हातारा एकाचं दोन मोजतोय व्हय? मंग माजं किती गेलं?” दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सहादेवाच्या बाजूने नांगर घालून बांध फोडला. दोन्ही घरच्या बायका आडावर एकमेकींना शिव्या देत होत्या. त्याच संध्याकाळी आणखी चार जण चाचांच्या अंगणात आले, आमचंही परत बघा म्हणून. जे काल त्यांच्या हातून मोजून घेऊन त्यांना चहा पाजत होते, तेच!

चाचांची बायको हाजराबी मला म्हणाली, “बाई, तुमच्या भावानं छापलं म्हनून मी तुमच्याशी भांडत न्हाई. पर मला एवढंच सांगा, ह्यांनी त्याचं काय वाकडं केलं हुतं?”

ह्याचं उत्तर तू दे. खरं काय ते छाप, आणि इथे येऊन सगळ्यांसमोर तोंडाने सांग.

मनकर्णा

---

पिंपरी,
८ मे १९७१

ती. ताईस,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण तू गोष्ट फार ताणते आहेस असं मला प्रामाणिकपणे वाटतं. खेड्यातले बांधाचे तंटे माझ्या लेखाआधीही होते. भिमाजीला निमित्तच हवं होतं.

मासिकात एकदा लेख, एकदा खुलासा, आता खुलाशाचा खुलासा? संपादक मला दारात उभं करणार नाहीत. शिवाय कारखान्यातून तिघांना ट्रेनिंगला जर्मनीला पाठवणार आहेत, त्यात माझं नाव आहे. अशा वेळी मी स्वतःहून लिहून देऊ का, की मला साखळीची लांबी माहीत नव्हती? इंजिनियरला? तूच विचार कर.

चाचांसाठी मी एक चांगलं मनगटी घड्याळ आणि हाजराबींसाठी लुगडं पाठवतो आहे. माझ्यातर्फे दे. ते समजूतदार आहेत. त्यांच्या मनात काही नसणार, त्यांच्या कार्डातसुद्धा रागाचा एक शब्द नव्हता.

सूर्यभान

---

बोरखडी,
१४ मे १९७१

सूर्यभान,

कुठलं कार्ड?

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि उन्हातान्हात चाचांकडे गेले. म्हटलं, तुम्ही माझ्या भावाला कधी कार्ड टाकलं? ते जरा ओशाळले, जणू त्यांचीच चोरी पकडली. म्हणाले, “टाकलं हुतं बाई. तुमी गाडीला पोचवून आल्यावर चौथ्या दिशी. सायबांनी साखळी किती फुटी ते इचारलंच न्हाई, आन जीप निगाली. म्हटलं पुस्तकातली येगळी असती, चुकायला नगं. म्हनून लिवलं, सायेब, आपली साखळी तेहतीस फुटी हाय, हिसेबाला ध्यानात घ्या.”

जानेवारीत! लेख छापायच्या आधी! मी मार्चमध्ये कळवेपर्यंत तुला हे माहीतच नव्हतं अशी माझी समजूत होती, आणि मी मूर्खासारखी ‘चूक होते’ म्हणत बसले. तुला माहीत होतं. आकडा खोटा आहे हे माहीत असताना तू तो छापलास, त्यावर भाषण केलंस, चहा प्यालास, आणि पकडला गेल्यावर ज्याने तुला आधी सावध केलं होतं त्याच्याच डोक्यावर ते फोडलंस. मी चाचांना विचारलं, पारावर का नाही सांगितलंत? तर म्हणतात, “तुमचा भाऊ हाय बाई. तुमाला गावात ऱ्हायचंय.”

माझ्यासाठी गप्प बसले! मला ह्याची इतकी लाज वाटते की शाळेत पोरांपुढे उभं राहून खरं बोला म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही. तुझं घड्याळ आणि लुगडं पोस्टातून आलं तसंच परत पाठवलं आहे. कुणाचं नाव पुसायचं आणि त्याच्या मनगटावर घड्याळ बांधायचं, हे कुठे शिकलास?

आता पुढचं. आप्पासाहेबांनी अर्ज केला आहे. तीन जूनला तालुक्याहून मोजणी खात्याचा सर्व्हेअर येऊन भिमाजी-सहादेवाचा बांध सरकारी साखळीने मोजणार. चाचांनी सगळ्यांसमोर सांगितलं आहे की एका आण्याचाही फरक निघाला तर ते गाव सोडतील. हाजराबीला घेऊन जामखेडला मुलीकडे जातील. सत्तरीला आलेला माणूस, आयुष्यभराचं घर सोडून. बारा वर्षांत बांध पावसाने सरकतो, नांगराने सरकतो, आणि वर भिमाजीने तो फोडलेला. एका आण्याचा फरक म्हणजे दोन फूट, सूर्यभान. मी रोज जीव मुठीत धरून आहे.

तीन तारखेच्या आत खरं छापून आण. नाही आणलंस तर मी स्वतः पारावर उभी राहून सांगेन, आणि माझा भाऊ म्हणून सांगेन.

मनकर्णा

---

पिंपरी,
२९ मे १९७१

ताई,

जूनचा अंक आज हातात पडला. दोन प्रती पाठवतो आहे, एक तुला आणि एक चावडीला. पहिल्याच पानावर माझं पत्र आहे. काही लपवलेलं नाही. कार्ड आलं होतं हे लिहिलं आहे, ते कोणत्या महिन्यात आलं हेही. चाचांचं पूर्ण नाव, त्यांची एकतीस वर्षांची नोकरी, त्यांची मोजणी अचूक होती आणि दोष सर्वस्वी माझा, असं स्पष्ट छापून घेतलं आहे. संपादकांनी खाली लिहिलंय की ह्यापुढे माझं लेखन स्वीकारलं जाणार नाही.

तू विचारणार, कार्ड आलं तेव्हा काय केलंस. ताई, कार्ड आलं तेव्हा मी कारखान्यात सगळ्यांना नव्वद सांगून चुकलो होतो. कार्ड वाचलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. स्वतःची समजूत घातली, की म्हातारा माणूस आहे, त्याचीच आठवण चुकत असेल. मग प्राध्यापकांचं पत्र आलं तेव्हा तेच वाक्य हाताशी तयार होतं. इतकं सोपं होतं ते. मला वाटलं, त्या माळावर हे मासिक कोण वाचणार?

चीफ इंजिनियरांनी काल बोलावलं होतं. चहा नव्हता. जर्मनीला दुसऱ्याचं नाव गेलं. हे मी दयेसाठी लिहीत नाही. लिहिलं नसतं तर तू म्हणाली असतीस, हेही लपवलंस.

तीन तारखेला यायचं धाडस मला होत नाही. रजाही नाही. पण आता तरी चाचा मोकळे झाले, एवढं कळव.

तुझा,
सूर्यभान

---

बोरखडी,
२० जून १९७१

चि. सूर्यभान यास आशीर्वाद.

आशीर्वाद मनापासून लिहिला आहे. जे केलंस ते उशिरा केलंस, पण पुरं केलंस. आता मोकळे झाले का, ते विचारतोस ना? सगळं सांगते.

तीन तारखेला सर्व्हेअर आले. सारा गाव रानात लोटला होता. आधी मी तुझं पत्र वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, तुझ्या नावासकट. गर्दीतली छबूबाई मागून म्हणाली, “अगं बया, सख्ख्या भावाचं वाचती!” मी थांबले नाही. मग साखळी पडली. चाचा लांब, लिंबाखाली बसून राहिले. जवळ यायला तयारच होईनात. तासाभराने सर्व्हेअरांनी नकाशा मिटला आणि ओरडून सांगितलं, “बांधाची जागा बरोबर हाये! आण्याचाबी फरक न्हाई!”

लोकांनी चाचांना अक्षरशः उचललं. आप्पासाहेबांनी फेटा बांधला. भिमाजी त्यांच्या पायाशी वाकला आणि म्हणाला, “माजी अक्कल शेन खायला गेल्ती, चाचा.” दुसऱ्या दिवशी त्याने आणि सहादेवाने मिळून बांध घातला, मी बघून आले. परत मोजा म्हणणारे ते चौघेही येऊन माफी मागून गेले. तू म्हणशील, झालं की मग! मलाही वाटलं, झालं. त्या दिवशी किती हलकं वाटलं तुला सांगू.

पण परवा हाजराबी शाळेत आली. म्हणाली, “बाई, एकदा येऊन बघा ह्यांच्याकडं. दारापासनं चुलीपतूर मोजत्यात. खाट मोजत्यात. झालं की परत मोजत्यात.” मी हसण्यावारी नेलं. म्हातारपण, म्हटलं. मग मला एक युक्ती सुचली. शाळेच्या मैदानाला कुंपण घालायचं आहेच, तर मोजणी चाचांकडूनच करून घ्यावी. काम मिळालं की माणूस ठिकाणावर येईल.

काल सकाळी ते फेटा बांधून आले. एका टोकाला मी, दुसऱ्याला आमचे गोरक्ष गुरुजी, चाचा मधून चालत होते. उत्तरेची बाजू पाच साखळ्या चार आणे. मी वहीत लिहायला गेले, तर म्हणाले, “थांबा बाई, एकदा परत.” परत मोजली. पाच साखळ्या चार आणे. ते तिथेच उभे. पूर्वी मोजणी झाली की पाठ फिरवून चालू पडणारा माणूस, सूर्यभान. साखळीच्या कड्या बोटांनी चाचपत होते. म्हणाले, “आजून एक डाव. तुमाला तरास हुतोय, पर आजून एक डाव.” तिसऱ्यांदाही तेच आलं. गोरक्ष गुरुजींनी मान खाली घातली.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की तू समोर असतास तर मी तुझ्या वयाचा विचार केला नसता. भिमाजीचा राग येत नाही आता. सर्व्हेअरने गावाला पटवलं, तुझ्या छापील पत्राने पुण्याला पटवलं. ह्या एका माणसाला कोण पटवणार, ते मला सांग. तुझी काँकॉर्ड आणि रॉकेटं सगळी जमा करून सांग.

शेवटी मीच जोराने म्हटलं, “चाचा, पुरे. पाच साखळ्या चार आणे. मी लिहिते,” आणि त्यांच्या देखत वहीत शाईच्या पेनाने आकडा लिहिला. ते त्या आकड्यावर वाकले. मग हळूच, गोरक्ष गुरुजींना ऐकू जाऊ नये अशा बेताने, मला विचारलं, “शिसपेन न्हवती का बाई तुमच्यापाशी?”

मनकर्णा